आंबेनळीत न केलेला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, यशवंतला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? आता गप्प बसवत नाही, म्हणून.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी महाडात गॅरेजात कामाला, यशवंत पोलादपूरचा – जिवाभावाचा दोस्त. रविवारी सकाळी आम्ही पोलादपुरातून मोटारसायकली सोडायचो, त्या थेट आंबेनळी घाटाच्या माथ्यापर्यंत. शर्यतच ती, पण रस्ता सगळ्यांचा. वळणापलीकडे एसटी असेल, म्हैस असेल की नुसती खडी, काय कळणार? ब्रेक जो उशिरा दाबेल तो पुढे. त्यात घाटात थांबलेले ट्रकवाले चाकामागे दगड लावायचे आणि जाताना तो तसाच रस्त्यात सोडून जायचे. म्हणून आमचा एकच नियम होता – पुढच्याला दगड दिसला की त्याने डावा हात वर करायचा. शर्यत हरली तरी चालेल, हात चुकवायचा नाही.

तो मी चुकवला. म्हणजे – चुकवला नाही, केलाच नाही. नीट सांगतो.

त्या दिवशी मी पुढे होतो, पण यशवंत दर वळणाला जवळ येत होता. तो माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायचा आणि ते मला खुपायचं. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्याचं काम होणार होतं, त्यानेही माझ्या पोटात दुखत होतं. एका वळणावर दगड दिसला, चांगला नारळाएवढा. मी बाजूने गाडी काढली. हात करायला वेळ नव्हता? होता. वाटलं, जरा अडखळू दे त्याला. एवढंच वाटलं – पण वाटलं.

मागे कठड्यावर गाडी आदळली.

त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात त्याच्या आईने मला विचारलं, "तू पुढं होतास ना रे? तुला दगड दिसला नाय?"

"नाय दिसला, काकी."

खाटेवरून यशवंतच म्हणाला, "आये, दिसला असता तर हात केला असता त्यानं."

एसटीचं राहिलंच. त्याने पोलादपुरात पंक्चरचं दुकान टाकलं. मी अजून तिथे जाऊन बसतो. नाही गेलो तर कारण काय सांगू? घाटात निघालेले मोटारसायकलवाले हवा भरायला थांबले की तो माझ्याकडे बोट दाखवतो. "ह्याच्यासारखा हात करायला शिका. एवढी वर्षं गाड्या पळवल्या, पन ह्यानं कधी हात चुकवला नाय."

ते माझ्याकडे आदराने बघतात. मी मान डोलावतो.