लाल दोऱ्याची ताटं

सव्वादोन वर्षं मी तारेच्या कुंपणात काढली, आणि त्यातला एक दिवस मला आवडला असेल तर शपथ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी जुन्या दिवसांचं कौतुक सांगत बसली असं कुणी म्हणायला नको.

निजामाचं राज्य होतं. आमचे हे शेतकी खात्यात कामदार होते, म्हणजे शेतावर राहून प्रयोग सांभाळायचा आणि त्याची नोंद ठेवायची. तेर गावाच्या पुढं, तेरणा नदीच्या काठाला सरकारनं थोडी जमीन घेऊन तिथं ज्वारीचे प्रयोग लावले होते. चारी बाजूंनी तार, एक फाटक, आणि मधोमध पत्र्याच्या दोन खोल्या, त्यातच आमचा संसार. गाव दिसायचं, पण गावात जायची सोय नव्हती. गावातली माणसं आम्हाला सरकारची माणसं समजायची आणि बोलणं तोडायची. सरकारचे लोक आम्हाला गावातलीच समजायचे आणि रात्रंदिवस संशय घ्यायचे. इकडं आड, तिकडं विहीर.

प्रयोग काय होता तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा ज्वारीवर काणी फार पडायची. कणीस वरून धडधाकट, आणि दाणा चिमटीत दाबला की आतून काळी भुकटी. पेरायच्या आधी बियाण्याला गंधक चोळलं तर काणी पडत नाही, असं खात्याचं म्हणणं. शेतकरी म्हणायचे, गंधकानं ताट, म्हणजे ज्वारीचं उभं झाड, खुजं राहतं, कडबा निम्मा होतो, मग बैलांनी काय गंधक खायचं? खरं कोण, खोटं कोण, ते बघायला शेतात चार पट्टे पेरले होते. दोन गंधक चोळलेल्या बियाण्याचे, दोन तसेच. दर पट्ट्यात दहा ताटं निवडायची, आठवड्याला त्यांची उंची मोजायची आणि काढणीला त्यांचंच कणीस खुडून दाणा तपासायचा. चाळीस ताटं. सगळा प्रयोग त्या चाळीस ताटांवर उभा होता.

त्यांना खूण करायला हैदराबादेहून पत्र्याच्या चिठ्ठ्या यायच्या होत्या. त्या काही आल्या नाहीत. हे म्हणाले, लांबून दिसेल असं काहीतरी बांधायला दे. माझ्या पेटीत लाल दोऱ्याचं भेंडोळं होतं, लग्नानंतर तुळजापूरला गेलो तेव्हा घेतलेलं. मी तेच दिलं आणि दोरे बांधलेही मीच. फूट-इंच वाचता येणारं दुसरं माणूस नव्हतं म्हणून दर सोमवारी काठी धरून मी उभी राहायचे. मी फूट-इंच सांगायचे आणि हे उर्दूत रजिस्टरात लिहायचे. सरकार पगार एकाला द्यायचं आणि राबवायचं दोघांना!

त्यात मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही काय सांगायची गोष्ट आहे? माझं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. आम्ही आईला अव्वा म्हणतो. मला त्या वेळी अव्वाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. पण ते धामधुमीचं साल. रस्त्यानं भाले-बंदुका घेतलेली टोळकी फिरायची, गाड्या अडवायची. अप्पा मला न्यायला दोनदा बैलगाडी जुंपून निघाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून माघारी गेले. तिसऱ्यांदा येऊ नका, असा निरोप मीच धाडला.

एकच वाट उरली होती. खात्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा मी दाराआडून ह्यांना खुणावलं आणि ह्यांनी धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, ह्या हंगामाचं रजिस्टर पुरं करून दे, उमरग्याकडच्या शेतावर बदली देतो. सरकारी बदली म्हणजे सरकारी मोटार, हातात परवाना, सोबत शिपाई. कुणाची अडवायची छाती नाही. ज्वारी माघात निघणार होती आणि मला फाल्गुनात दिवस भरत होते. बरोब्बर जमत होतं. मी बोटांवर आठवडे मोजायला लागले.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्या भागात घरदार शेतात जातं. उभ्या ज्वारीत पाच पेंढ्यांची खोपटासारखी कोप करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात, आंबील शिंपडतात, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे खातात. त्या दिवशी घरात बसून जेवलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण हे तेरखेड्याकडच्या गावांतली काणी बघायला तीन दिवस फिरतीवर गेले होते. कुंपणात मी एकटी आणि तीन मजूर बाया. त्यातली थोरली गावची सुईणही होती. ती सकाळीच दारात आली.

"बाई, कोपीला कडबा न्हाय. होता न्हवता तो सरकारनं घोड्यांला नेला. पाच पेंढ्या हिरव्याच कापू का? बिनकोपीची येळवस करून लक्ष्मीला माघारी लावायची व्हय?"

मला माहेरची येळवस आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. शेत माझं नव्हतं, परवानगी द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण म्हटलं, द्यावी की. "बांधाकडच्या ओळीतली कापा," मी ऐटीत सांगितलं. "त्या ओळी मोजणीत धरत नाहीत." आणि मी भज्जी करायला आत गेले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दुपारी टोपली घेऊन शेतात गेले. कोप झकास उभी होती, हिरवीगार. आणि तिच्यावर जागोजाग लाल दोरे लोंबत होते.

मी टोपली खाली ठेवली आणि मोजलं. पाच पेंढ्या, एकेका पेंढीत आठ ताटं. एकही सुटलं नव्हतं. बायांनी चारी पट्टे हिंडून, शोधून शोधून नेमकी तीच कापली होती.

थोरली खुशीत होती. "देवाला बांधाकडचं कसं द्यावं वो बाई? शेरडांनी तोंड लावल्यालं! तुमी तर आधीच दोरं बांधून ठिवल्यालं. आमी म्हनलं, पोटुशी बाई हाय, दर सोमवारी ताटांम्होरं हुबी ऱ्हाती, नवसाची ताटं राखल्याती."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या तिघी हातातले उंडे धरून माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचं काय चुकलं होतं? लाल दोरा बांधलेलं झाड देवाचं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दोरा माझा, बांधला मी, कापा म्हणाले मी. त्यांच्यावर ओरडत होते कारण माझ्यावर ओरडायला तिथं कुणी नव्हतं. मी घास खाल्ला नाही. पुढचे दोन दिवस नुसत्या येरझारा घातल्या. फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं.

हे आले ते खांद्यावरची पिशवी न उतरवता आधी शेतात गेले. परत आल्यावर एकच शब्द बोलले. "कुणी?"

"मी," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

हे रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बाजेवर बसले. मग मीच सुरू झाले. "अहो, जाऊ द्या ना! दुसरी चाळीस बांधू. शेजारची ताटं काय वेगळी असतात? साहेब हैदराबादेत, बघायला येतंय कोण? रजिस्टर भरलं म्हणजे झालं. मला जाऊ द्या हो अव्वाकडं. मी इथं मेले तर सरकार येणार आहे का?" मी हात जोडले. नवऱ्यापुढं असे हात मी त्याआधी कधी जोडले नव्हते, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी त्यांनी रजिस्टर काढलं, दौत उघडली आणि मला समोर बसवलं.

"बदली मलाही हवीय," ते म्हणाले. "तुझी हालत काय मला दिसत नाही? मी लिहितो. जे सांगशील ते लिहितो, पुन्हा तोंडातून काढणार नाही. पण नवी ताटं बांधून हे जमायचं नाही. त्यांचं मागचं मोजमाप कुठाय? जुन्यांचंच पुढं लिहावं लागेल. गंधकाचा पहिला पट्टा, पहिलं ताट. सांग."

मला वाटलं, त्यात काय! मागच्या सोमवारी ते ताट पाच फूट दोन इंच होतं, मला तोंडपाठ होतं. पाच-चार म्हणायचं आणि पुढं जायचं. पण जास्त सांगितलं तर गंधक चांगलं ठरणार, कमी सांगितलं तर वाईट. पुढच्या साली शेकडो माणसं त्यावर पेरणार. आणि मला खरंच माहीत नव्हतं. इतके महिने चाळीस ताटं अंगाखांद्यावरच्या लेकरांसारखी मोजली होती आणि मला माहीत नव्हतं.

ते दौतीत टाक बुडवून बसले होते. असा संताप आला मला! त्यांचा, साहेबाचा, त्या देवाचा, पोटातल्या जिवाचासुद्धा.

"रिकामं ठेवा," मी म्हणाले आणि उठून आत गेले.

त्यांनी कोऱ्या रकान्यांखाली काय घडलं ते लिहिलं. माझं नाव घातलं नाही, 'कामदाराच्या घरून चूक झाली' एवढंच. साहेब माघात आले, वाचलं, रागावलेसुद्धा नाहीत. पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा करा आणि तोवर बदलीचं बोलू नका, एवढा शेरा मारून मोटारीत बसून गेले. ती मोटार फाटकातून बाहेर जाताना मी खिडकीतून पाहिली.

फाल्गुनात त्याच पत्र्याच्या खोलीत मला मुलगी झाली. सुईण तीच, थोरली. दीड दिवस ती माझ्या उशाशी होती, तिनं मला आणि पोरीला दोघींना वाचवलं. मी तिचा हात सोडत नव्हते आणि हाका मात्र अव्वाला मारत होते.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले आणि अप्पांची गाडी एकदाची आमच्या दाराशी लागली. सहा-सात महिन्यांची पोर घेऊन मी माहेरी गेले. अव्वानं तिला माझ्याकडून ओढूनच घेतलं. पोरीला मांडीवर घेऊन तिनं सगळी हकीकत ऐकली.

"एक आकडा," शेवटी ती म्हणाली. "एक आकडा सांगायला तुझं काय जात हुतं गं? इथं मी रोज देवाला पाण्यात ठिवत हुते."

अप्पा शेजारीच बियाण्याची पाटी घेऊन बसले होते, पेरणी तोंडावर आली होती. त्यांनी मूठभर ज्वारी उचलून माझ्यापुढं धरली.

"ते ऱ्हाऊ दे आता. तू एवढे म्हैने मोजलंस तर सांग, गंधक चोळू का नको? ताट खुजं ऱ्हातंय का?"

"माहीत नाही, अप्पा," मी म्हणाले. "त्याच्यासाठी आणखी एक हंगाम मोजावं लागतंय."

अव्वानं झटकन माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे तू माघारी जानार. आपल्या पायानं."

"व्हय," मी म्हणाले. आणि मलाच माझा एवढा राग आला, की तोंडाला पदर लावून मी परसात गेले आणि हमसाहमशी रडले.