पोटभाडेकरूंचा भाडेकरू

नातवंडांनो, माणसाचा संयम तपासण्यासाठी जगात कुणी एक माणूस मुद्दाम घडवला असेल, तर तो आपल्या वरच्या मजल्यावर राहतो. वय चाळिशीच्या आत, मूळचा खेडकडचा, एकटा जीव, आणि चाकणजवळच्या एका दुधाच्या कंपनीत शास्त्रज्ञ. चिखलीच्या या घरातल्या वरच्या दोन खोल्या त्याला देताना मी कराराचं एकेक कलम वाचून दाखवलं होतं. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, या कलमापाशी आल्यावर गृहस्थ एकदम खुलला. "आजी, माझं समदं काम पोटभाडेकरूंवरच चालतंय! पिढ्यान्‌पिढ्या राहत्यात, पण मालकाला पत्ता न्हाई." मी पेनाला टोपण लावलं आणि करार परत फाइलमध्ये ठेवला.

त्यानंतर अर्धा तास त्याने मला समजावलं ते असं. दही लावणारे जे जीवाणू असतात, त्यांच्यातल्या काहींच्या जनुकांच्या माळेत एखादा विषाणू शिरून बसलेला असतो. मालक जीवाणूचे एकाचे दोन झाले की त्याचेही एकाचे दोन होतात. उपद्रव काही नाही. पण मालकावर संकट आलं, उष्णता वाढली, एखादं औषध पडलं, की तो जागा होतो, स्वतःच्या ढीगभर प्रती काढतो आणि घर फोडून बाहेर पडतो. मग कंपनीचं टाकीभर दूध विरजण लावूनही दूधच राहतं. हे विषाणू झोपलेले असताना त्यांची कोणती जनुकं चालू असतात आणि कोणती बंद, एवढंच हा माणूस दिवसभर बघतो. "झोपलेत ना? मग चालू काय असणार?" मी विचारलं. "तीच तर गंमत हाय. एक जनुक कायम जागं असतं. बाकीच्यांना गप्प बसवायचं काम त्याचं." मी तीस वर्षं वर्ग सांभाळलेला असल्यामुळे एवढं मला चटकन समजलं, आणि करारावर सही झाली.

तेव्हापासून माझ्या घराला शिस्त राहिलेली नाही. फाटक उघडं टाकणे आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कंपनीत जाणे या गोष्टी मी आता मोजतच नाही. त्याला प्रत्येक वस्तूवर मार्करने तारीख घालायची सवय आहे. माझ्या वाढदिवसाला त्याने केक आणला, तर खोक्यावर तारीख, वेळ आणि "उघडू नये" असं लिहिलेलं. रोज सकाळी तो खाली येऊन माझ्याकडचं वाटीभर दही खातो. पहिला चमचा जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो आणि समाधानाने जाहीर करतो, "झोपलेत सगळे." एकदा शेजारच्या वहिनी समोर दही खात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोण झोपलेत?" त्याने सविस्तर सांगितलं. वहिनींनी वाटी खाली ठेवली ती ठेवलीच. त्या अजून आमच्याकडे ताकसुद्धा घेत नाहीत.

हे सगळं मी सोसलं. पण विरजणाचं प्रकरण वेगळं. आपल्या घरचं दही तुमच्या पणजीच्या हातचं आहे. माझं बिऱ्हाड वेगळं झालं तेव्हा सासूबाईंनी स्टीलच्या डबीत विरजण घालून दिलं होतं, आणि आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, असं ते माझ्याकडे एकदाही खंडलं नव्हतं. त्या दिवशी मी बाकीच्या दह्याची कढी केली होती आणि विरजण तेवढं डबीत काढून, चिठ्ठी लावून, फ्रिजमध्ये ठेवलं होतं. मी देवपूजेला बसले असताना स्वयंपाकघरातून हाक आली, "आजी, तपासायला विरजण घेऊ का?" मी म्हटलं, "घे." आता "विरजण घे" म्हणजे चमचाभर घे आणि बाकीचं ठेव, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. या शास्त्रज्ञाने डबीतलं सगळं पुसून नेलं.

"तुम्ही ‘घे’ म्हणालात. ‘मागं ठेव’ म्हणाला न्हाईत," तो संध्याकाळी म्हणाला.

"आत्ता परत आण."

"आता ते प्रयोगशाळेतलं झालं, आजी. तिथलं काही खायचं नसतं. नियम हाय."

माझ्याच विरजणाला माझ्यासमोर नियम! उणे ऐंशी अंशांवर ते जिवंत आणि सुखरूप आहे, असंही त्याने वर ऐकवलं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून कंपनीच्या दह्याचं पाकीट घेऊन आला. मी दार लावून घेतलं. आठवडाभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. खरं सांगते, राग त्याच्यावर होताच, पण सासूबाईंनी सोपवलेली गोष्ट आपल्या हातून संपली, हे मला गिळवत नव्हतं.

रविवारी तो मोटरसायकलवर राजगुरुनगरला गेला. तिथल्या तुमच्या आत्याआजी, म्हणजे माझ्या नणंदबाई, लग्नात माहेरचं हेच विरजण घेऊन गेल्या होत्या, हे मी कधीतरी बोलले होते आणि त्याने लक्षात ठेवलं होतं. चाकणच्या ट्रॅफिकमधून जाकिटाच्या आत डबा धरून तो परतला तेव्हा निम्मं दही शर्टावर होतं. मी डबा घेतला, पण मन मानेना. नणंदबाईंचंही कधी नासलं असेल, त्यांनीही शेजारून आणलं असेल. "हे आपलंच कशावरून?" मी विचारलं. त्याने तपासायला अर्धा चमचा काढून घेतला, अर्धाच, आणि डबा माझ्यासमोर धरून म्हणाला, "मागं ठेवलंय. बघून घ्या."

महिन्याभराने तो जिन्यावरूनच ओरडत आला. पायांत पुन्हा दोन चपला दोन तऱ्हेच्या. "आजी, पोटभाडेकरू तोच हाय! आणि खोली पण तीच!" आपल्या विरजणात जो विषाणू झोपलेला होता, तोच, माळेच्या त्याच जागी, राजगुरुनगरच्या विरजणातही झोपलेला सापडला होता. "बाहेरून आणलेल्या विरजणात हे असं जुळणं लई अवघड," तो म्हणाला. मी पदराने डोळे पुसले आणि त्याला फाटक लावायला पाठवलं.

परवा सकाळी दही खाताना त्याने विचारलं, "नातवंडं काय म्हणत्यात?"

"तिकडे परदेशात आत्ता रात्र आहे," मी म्हटलं. "झोपलीत."

"झोपलेल्यांचं पण आत काहीतरी चालू असतंय, आजी."

मी त्याची वाटी पुन्हा भरली, आणि डबीत एक चमचा मागे ठेवला.