पूजेबाहेरचा पाना

आमचे हे कान्ह्याजवळच्या कागदाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, आणि माझा थोरला भाऊ तिथंच फिटर. ह्यांनी कागदावर पाइप काढायचे, दादानं ते खरोखर जोडायचे. रविवारी दादा गाडीनं लोणावळ्याला उतरून आमच्याकडे वलवणला यायचा, आणि मग दोघांना पाइपाशिवाय विषय नाही. मी आपली चहा करून करून दमायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरात जाड तारेचा एक पाइप उभा केला. खिळ्यांवर टेकवलेला, मध्ये माझं दोऱ्याचं रिकामं रीळ. ते रीळ म्हणजे म्हणे वाफेचा व्हॉल्व्ह.

"अहो, भाकरी कुठं थापू मी?"

"थाप माझ्या डोक्यावर," हे म्हणाले, पण मान काही वर केली नाही.

कारखान्यातला तो व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढायचा होता. दादाला दाखवायला ह्यांनी रीळ काढलं, तशी तार खाली वाकली. मग त्यांनी तिच्याखाली काडेपेटी उभी केली आणि दोऱ्यानं तार तिला घट्ट बांधली. हा तात्पुरता टेकू. कारखान्यात तो लोखंडी असणार, बोल्ट आवळून पाइपाला धरलेला. तो कुठं लावायचा, त्याच्यावर किती भार येईल, याची ह्यांनी पानंच्या पानं आकडेमोड केली होती. रीळ परत बसवल्यावर ह्यांनी तार बोटानं एका बाजूनं ढकलली. वाफ आली की पाइप तापतो, लांब होतो, त्याला सरकायला जागा लागते. पण बांधलेली काडेपेटी तार सरकू देईना, आणि रीळ जोडावर तिरकं झालं. दोरा सोडला तशी तार सुखानं सरकली.

"टेकू म्हणजे पाहुणा," हे म्हणाले. "काम झालं की गेला पाहिजे. राहिला तर घर मोडतो."

"दाजी, मी काय येडा हाय व्हय? व्हॉल्व्ह बसला की आधी टेकू भाईर, मंग वाफ."

दादाला सगळं कळलं होतं. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

ह्यांनी दोन ड्रॉइंगं केली. एक दुरुस्तीचं, टेकू लावलेलं. दुसरं कारखाना चालतानाचं, टेकू नसलेलं. दोन्ही कारखान्यातल्या भिंतीवर लागली. खंडेनवमीच्या सकाळी व्हॉल्व्ह बसला. पण तेवढ्यात पूजेची वेळ झाली, आणि हातातले पानेही पुसून मांडले गेले. सगळे पाने, हातोडे, छिन्न्या पाटावर, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचे हार घातलेले. आमच्याकडे पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या पूजेआधी उचलत नाहीत. मावळात कुठलाही माणूस उचलणार नाही, मग घरात आग का लागेना! टेकूचे बोल्ट सोडायला पाना हवा, आणि पाने देवापुढं. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. उद्या पाने उठले की पयलं हेच." सगळ्यांना पटलं. वाफ काय आज थोडीच सोडायची होती!

दसऱ्याला नवीन कामाचा मुहूर्त. वरच्या साहेबांनी सकाळचा मुहूर्त काढून आणला आणि बॉयलरवरच्या माणसांना निरोप दिला. त्यांनी भिंतीवरचं दुसरं ड्रॉइंग पाहिलं. त्यात टेकू नव्हता. नाही म्हणजे नाही, असं समजून त्यांनी वाफ सोडली.

दादा तेव्हा पूजेपाशी नारळ फोडायला उभा होता. पाइपाचा आवाज ऐकला आणि त्यानं हारातूनच पाना ओढला. धावत गेला. एक बोल्ट सोडलासुद्धा. तेवढ्यात जोड उघडला आणि वाफ त्याच्या अंगावर आली.

तळेगावच्या दवाखान्यात त्याचे फक्त ओठ दिसत होते. मला म्हणाला, "रडू नगं. भाऊबिजेला येतो मी. बेसनाचे लाडू कर. मागल्या साली लय कडक झालतं."

"तुझे दात पडलेत म्हणून तुला कडक लागले," मी म्हटलं. तो हसला असावा. मी घरी येऊन बेसन दळून आणलं. देवापुढं बसून रोज एकच मागणं, माझा दादा भाऊबिजेला येऊ दे. दिवाळीच्या आधीच तो गेला.

माणसांची जीभ तर बघा! पूजेतला पाना उचलला म्हणून देव कोपला, असं म्हणाली. मेल्यांनो, देवाला पाना कशाला हवा होता? पाना माझ्या दादाला हवा होता, आणि तोही आदल्या दिवशी. हे मात्र तारेच्या पाइपासमोर बसून एकदाच म्हणाले, "टेकू कागदावरून काढला, म्हणून काय लोखंडावरून निघतो?" मग तार गुंडाळून माळ्यावर टाकली. रीळ मला परत दिलं. मी त्याला दोरा कधी गुंडाळला नाही.

भाऊबिजेला सासूबाई मायेनंच म्हणाल्या, "चंद्राला ओवाळ गं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात." मी ताट खाली ठेवलं. माझा भाऊ चंद्र नव्हता, फिटर होता.

कारखान्यानं त्याचं सामान घरी पाठवलं. त्यात तो पाना होता, खाचेत कुंकू वाळलेलं. पुढच्या खंडेनवमीला ह्यांनी पाटावर विळी ठेवली, कोयता, कात्री, आपल्या ड्रॉइंगच्या पट्ट्या ठेवल्या आणि पान्याला हात घातला.

"तो नको," मी म्हटलं. "तो बाहेर राहू दे. वेळेला हाताशी असलेला बरा."

आता कुणाच्या वेळेला, असं हे विचारू शकले असते. पण पाना त्यांनी फडताळात ठेवला आणि मला म्हणाले, "नारळ दे." दर वर्षी मी तो तेवढा बाहेर ठेवते, आणि दर वर्षी उशीरच झालेला असतो.