चौदाव्या भागापासून

सुरेखाला एखादी गोष्ट अर्धवट सांगितली तर चालते, पण कुणी अगदी पहिल्यापासून समजावून सांगायला लागलं की तिचं डोकं फिरतं. दिंद्रुडकडच्या एका लहान गावात ती वाचनालय सांभाळते. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली, दोन बाकं आणि एक लोखंडी कपाट. कपाटात ‘नभोगस्त’ नावाच्या विज्ञानकथांचे बावीस भाग आहेत, आणि सुरेखाचा सगळा जीव त्या कपाटात.

तिचं लहानपण ऊसतोडीत गेलं. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन निघायचे, आणि ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर सुरेखा आणि धाकटा बजरंग बसलेले असायचे. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यावं, तर वर्गातली पोरं पुस्तकाच्या शेवटाला पोचलेली. मागचं कुणी सांगायचं नाही. गुरुजी म्हणायचे, राहिलं ते राहिलं, आता इथून धर. ती धरायची. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच.

अशाच एका हंगामात तिच्या आईनं, सुभद्राबाईनं, चूल पेटवायला बाजारातून रद्दी आणली. त्यात एक जाडसर पुस्तक निघालं. वरचं कव्हर गेलेलं. उघडलं तर पहिल्याच पानावर कप्तान विहंग मेलेला, यान फुटलेलं, आणि उरलेली माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. कोण कुणाचं काय लागतं याचा पत्ता नाही. सुरेखानं कोपीच्या, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या त्यांच्या झोपडीच्या, दाराशी पाचटावर बसून ते पुस्तक वाचून काढलं, पुन्हा वाचलं, आणि चुलीपासून लपवून ठेवलं. गोष्ट अशीच सुरू होत असणार, असं तिला वाटलं. मोठं माणूस आधीच गेलेलं असतं, गाडी आधीच मोडलेली असते आणि उरलेल्यांनी पुढं निघायचं असतं. यात तिला नवल वाटायचं कारणच नव्हतं.

तो चौदावा भाग होता, हे तिला कळलं ते लग्न होऊन दोन लेकरं झाल्यावर. नवऱ्याची गावातच पिठाची गिरणी, म्हणून तिचा कोयता सुटला होता. बजरंगचा सुटला नव्हता. गावातले मोठे जमीनदार आणि वाचनालयाचे अध्यक्ष अमरसिंह यांनी आपल्या लहानपणीचा सगळा संच वाचनालयाला दिला, तेव्हा सुरेखाला आधीचे तेरा भाग दिसले. तिला फसल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट, एवढी शिल्लक निघाली म्हणून ती खूश झाली.

अमरसिंह माणूस वाईट नाही. त्या पुस्तकांवर त्यांचंही वेड्यासारखं प्रेम. आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी यंदा नियम काढला: ‘नभोगस्त’ वाचायचं तर पहिल्या भागापासून, आणि एक भाग परत केल्याशिवाय पुढचा मिळणार नाही. नवव्यापासून धरलं तर परग्रहावरच्या लोकांच्या चालीरीतीच कळत नाहीत, त्यांनी सुरेखाला सांगितलं. विसाव्यात सगळे म्हातारे झालेले. त्यांची जवानी ज्यानं वाचली नाही त्याला ते नुसते कुरकुरे वाटतात. आणि चौदावा नवख्याच्या हातात देणं म्हणजे तर पापच. कप्तान मरतो हे आधीच कळल्यावर मागच्या तेरा भागांत जीव टांगणीला लागणार कसा? बोलताना त्यांचा चहा गार झाला. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण दिवाळी सरत आली होती आणि गावातली ऊसतोडीची टोळी निघायला झाली होती. टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हातात सुरेखा दरसाल एक पुस्तक द्यायची, जो भाग हाताला लागेल तो. फडावर पोरं आपसांत अदलाबदल करायची, मागची गोष्ट एकमेकांना विचारायची, आणि पाडव्याला पुस्तकं परत यायची. कशाला धुराचा वास, कशावर रसाचे डाग. संच एकच. नियम पाळला तर एका लेकराला पहिला भाग मिळणार आणि बाकीची सगळी रिकाम्या हातानं जाणार. तिनं हे अमरसिंहांना सांगितलं. ते म्हणाले, बाकीच्यांचीही पाळी येईल की.

“पाळी येईस्तोवर त्यांच्या हातात कोयता येतो, दादा,” सुरेखा म्हणाली.

अमरसिंह चिडले. नियम म्हणजे नियम, उद्या दुपारी कपाटाची किल्ली माझ्याकडं द्यायची, असं सांगून ते गेले. सुरेखा “बरं” म्हणाली. तिचं ते “बरं” ओळखणारं माणूस तिथं असतं तर सावध झालं असतं.

सकाळी ट्रॅक्टर भरत होता तेव्हा सुरेखा डोक्यावर पोतं घेऊन तिथं हजर. तिनं सगळं कपाट पोरांत वाटून टाकलं. कुणीतरी वर्दी दिली असावी. अमरसिंह मोटरसायकलवरून आले आणि ट्रॅक्टरच्या तोंडाशीच गाडी आडवी लावून म्हणाले, पुस्तकं उतरवा.

“न्हाई उतरवणार,” सुरेखा म्हणाली. “मला कामावरून काढायचं तर काढा. मी चौदाव्यापासूनच वाचलंय. आमच्या वाट्याला कशाची सुरुवात आली, सांगा? शाळा अर्ध्यातून, पुस्तकबी अर्ध्यातून. तरी शेवटापातुर गेलेच ना मी?”

अमरसिंहांची नजर वर ट्रॉलीकडं गेली. बजरंगची थोरली गाठोड्याला टेकून वाचायलाही लागली होती. पुस्तक त्यांनी लांबूनच ओळखलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. ते ट्रॉलीजवळ गेले.

“बाळ, हा चौदावा हाय. थांब, कप्तान कोण होता तेवढं तरी सांगतो तुला.”

पोरीनं मान वर केली नाही.

“सांगू नका ना,” ती म्हणाली. “मी काढते हुडकून.”

अमरसिंहांनी मोटरसायकल बाजूला घेतली. सुरेखानं ड्रायव्हरला हात केला आणि ट्रॅक्टर निघाला.

ठरल्याप्रमाणे दुपारी अमरसिंह आले. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सुरेखानं अडवलं नाही. पाडव्यापर्यंत त्या कपाटात कुलूप लावण्यासारखं काही नव्हतंच.