न दाखवलेला खड्डा

घाटाचा उतार म्हटलं की माझी बोटं ब्रेकवरून निघत नाहीत. तासगावच्या बाईला उताराची सवय असणार कुठून? आमचे रस्ते सपाट. द्राक्षबागांच्या मधून सायकल सरळ दामटायची, एवढंच ठाऊक. पण बोलायला मी सगळ्यांच्या पुढं. साताऱ्याच्या रेसआधी कोच सरांनी विचारलं, "यवतेश्वरचा घाट उतरताना पुढं कोण राहणार?" आणि मी म्हणून बसले, "मी." मेली ही जीभ!

आमचा डाव साधा होता. जिंकायचं ताईनं. ताई म्हणजे आमच्या टीममधली सगळ्यात तयारीची. आष्ट्यात पिठाची गिरणी चालवते. पहिली आली की विभागाच्या संघात तिची जागा पक्की होती. मी पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, तिनं माझ्या मागच्या चाकाला चिकटून दम राखायचा. इतकं चिकटल्यावर तिला पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून खड्डा आला की पुढचीनं त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा. सपाटीवर हे मी झोपेतही केलं असतं.

उताराला लागलो. सायकल सुसाट सुटलेली, एका बाजूला दरी, समोरून एसटी धापा टाकत वर येतेय. मुठी हँडलवर अशा आवळल्या होत्या की बोटं माझी राहिलीच नव्हती. वळण संपलं आणि उजवीकडं खड्डा दिसला. चांगला स्वच्छ दिसला. हात सोडायचा होता, सुटला नाही. ओरडायचंही सुचलं नाही. मी अंग चोरून बाजूनं निघून गेले. मागं धाडकन आवाज झाला.

ताईच्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सर म्हणाले, "रस्ताच वंगाळ, कोण काय करणार?" ते बाहेर गेल्यावर ताई म्हणाली, "तू हात दावला असशील गं. माझंच ध्यान न्हवतं, मान खाली घालून बसलेली मी. व्हय ना?"

मी "व्हय" म्हणाले.

"मग रडतीस कशाला? बरी हुतीया मी. पुढल्या येळंला बी माझ्या म्होरं तूच. दुसऱ्या कुणाच्या चाकाला मी लागायची न्हाई."

आता वर्ष झालं, परवा पुन्हा तीच रेस आहे, तोच घाट. ताई माझ्याच मागं असणार आहे, आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही.