टॉवेलाखालचा सौदा

मी दिवसभर शाळेत बोलते आणि घरी येऊनही तोंड बंद ठेवत नाही. नवरा वैतागतो. वैतागू दे. मध्यंतरी पंधरा दिवस माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता.

माझे वडील, आबा, कवठे महांकाळकडच्या बाजारांत जनावरांची दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं तितके हजार. बायकांचं त्यात काही काम नसतं, पण लहानपणी मी हट्टच धरला, म्हणून आबांनी घरी शिकवलं. आमच्या तांबड्या गाईचा खोटा सौदा आम्ही शंभरदा केला असेल. ते दोन बोटं दाबायचे, मी पाच.

मला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा फौजेतला भाऊ रजा काढून पुण्याला आला. त्याचा बोनमॅरो मला दिला. तो माझ्याच शरीरावर उलटू नये म्हणून चालू असलेलं औषध मेंदूला बाधलं. झटके आले. शुद्धीवर आले तर शब्द गायब. कळत सगळं होतं. पण 'हो' म्हणायला गेले की मान 'नाही' अशी हलायची. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण "यांना किती समजतंय, सांगता येत नाही," असं ते माझ्यासमोरच म्हणाले, तेव्हा मला रडू आलं.

आबांनी सिस्टरकडं टॉवेल मागितला. सिस्टरना वाटलं, घाम पुसायचाय. त्यांनी दवाखान्यातलं धुतलेलं हिरवं कापड दिलं. आबांनी ते आमच्या हातांवर पसरलं.

"तांबडी गाय," एवढंच म्हणाले आणि माझी दोन बोटं दाबली.

दोन? माझ्या गाईला दोन? मी त्यांचा हात चाचपला आणि पाच दाबली.

"आवं डाक्टर, पोरगी हाय! जाग्यावर हाय! भाव वाढवतीया!" आबा एवढ्यानं ओरडले की सिस्टर धावत आल्या.

मग ते परत बसले, कापड सारखं केलं. आता तीन म्हणतील, म्हणून मी तयारीत होते. एकेका बोटासाठी जन्मभर घासाघीस केलेला माणूस तो. त्यानं माझी पाचही बोटं मुठीत धरली, आणि मग सोडलीच नाहीत.