पायमोज्यांवर उभा माणूस

मानेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नुसत्या पायमोज्यांवर उभे होते. रॅलेच्या जत्रेच्या मैदानावरचा मोठा हॉल, ओळीनं मांडलेली टेबलं, टेबलांवर बंदुकाच बंदुका, आणि त्या गर्दीत हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ बूट काढून, ते शेजारी नीट जोडीनं ठेवून उभा. दोन्ही हातांवर एक तलवार आडवी धरलेली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, टेबलावर परत ठेवली आणि बूट घातले. पुढच्या टेबलावर आणखी एक तलवार होती. तिथे त्यांनी पुन्हा बूट काढले.

गन शो म्हणजे बंदुकांचा आठवडी बाजार. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नुकतेच रॅलेशेजारच्या कॅरी गावात राहायला आलो होतो. "अमेरिका बघायची तर हेही बघायला हवं," म्हणून माझा नवरा अरुण मला तिथे घेऊन गेला होता. मी हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होते. बंदुकीनं माणसाचं काय होतं ते मी इमर्जन्सीत जवळजवळ रोज बघत होते. त्यामुळे माझं नाक आधीच मुरडलेलं. "चल आता, काय बघायचंय यात?" मी अरुणवर वैतागले, आणि मागून त्या बूट काढणाऱ्या गृहस्थांचा अस्सल सातारी आवाज आला, "बघू द्या की त्यांना, ताई. बघायला पैसे पडत नाहीत."

मानेकाका कापडाच्या गिरणीत मेन्टेनन्स इंजिनिअर होते. गन शो असला की ते जाणार, हे ठरलेलं. बंदुकीकडे ते ढुंकूनही बघत नसत. ते शोधायचे हिंदुस्थानातून कुठून कुठून फिरत आलेल्या तलवारी. टेबलवाले त्या 'अरेबियन' म्हणून विकत, आणि बहुतेक वेळा तो प्रवाशांच्या गळ्यात मारायचा पितळी माल निघे. "ही भिंतीवरची शोभा आहे," असं म्हणून काका हळूच ती खाली ठेवत. पण ठरवायच्या आधी बूट निघालेले असत. "अस्सल की नकली ते नंतर. पायताण घालून शस्त्राला हात लावायचा नाही." त्यांची कॉलेजातली मुलगी लाजेनं अर्धमेली व्हायची. "बाबा, प्लीज! पीपल आर लुकिंग!" काका म्हणायचे, "बघू दे. मोजे धुतलेले आहेत."

तलवारींचं टेबल लावणारा अर्ल नावाचा एक म्हातारा होता. त्यानं काकांचं नावच 'सॉक्स' ठेवलं होतं. काका दिसले की तो लांबून हात करायचा आणि आपली रिकामी खुर्ची पुढे सरकवायचा, बूट काढायला सोपं जावं म्हणून.

एवढ्या वर्षांत काकांनी घेतलेल्या तलवारी फार तर दोन-तीन. त्या वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला बाहेर निघत. काकू पाटावर लाल कापड घालायच्या. त्यावर तलवारी, काकांचे पाने आणि हातोडी, काकूंचं शिलाई मशीन शेजारी, आणि आम्ही जमलेले सगळे आपापलं काहीतरी ठेवायचो. इतर सण लोक शनिवार-रविवारी ढकलत, काका नवमी ढकलू देत नसत. "गणपती वीकेंडला बसवा, मी लाडू खायला येतो. नवमी नवमीलाच." आणि एक नियम होता. पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत उचलायचं नाही. एक दिवस त्याला विश्रांती. मी चलाखी करून जुना, तुटका स्टेथोस्कोप ठेवायचे. काकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "डॉक्टरीणबाई, जुनं देवाला आणि नवं कामाला होय?" तेव्हापासून ते मला डॉक्टरीणबाईच म्हणू लागले.

काकांचा जिवाभावाचा मित्र म्हणजे वसंतराव कदम. दोघं एकाच तालुक्यातले. वसंतरावांचं हायवेला लागून छोटं ग्रोसरीचं दुकान होतं. ते आणि सुमनवहिनी दोघंच ते चालवत. गोरा, गुटगुटीत, सतत हसणारा माणूस. एकदा दोन पोरांनी चाकू दाखवून त्यांचा गल्ला नेला, आणि ते हसणं जरा कमी झालं. "दिनूदादा, मला एक रिव्हॉल्व्हर बघून दे यार," ते काकांच्या मागे लागले. काकांनी महिनाभर टाळलं. "हे काय वांगी आहेत, बघून द्यायला?" पण वसंतराव शेरिफच्या ऑफिसातून परवाना घेऊन आले, तेव्हा काकांना जावं लागलं. आम्हीही बरोबर होतो. रिव्हॉल्व्हरच्या टेबलापाशी काका बूट घालूनच उभे राहिले. वसंतराव म्हणाले, "दादा, बूट?" काकांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे तुझ्या घरात यायचंय म्हटल्यावर काढायलाच हवेत." दोघांनीही बूट काढले. वसंतरावांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो बघून दोघं असे काही हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. काकांनी ते रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिलं, चाप, चक्र, सगळं तपासलं आणि मान हलवली.

त्या वर्षीच्या नवमीला वसंतराव ते रिव्हॉल्व्हर रिकामं घेऊन आले आणि तलवारींच्या शेजारी ठेवलं. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल घातलं. मला ते दृश्य मुळीच आवडलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. जेवणं झाली, वसंतराव दुकानावर गेले. चारच्या सुमाराला ते परत आले. मी तिथेच होते, म्हणून त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. दुकानातला मदतनीस आला नव्हता, वहिनींना ताप होता, रात्री एकट्यानं दुकान बंद करायचं होतं. ते दारातच उभे राहिले. "दादा, तेवढं रिव्हॉल्व्हर नेऊ का? उद्या सकाळी आणून परत ठेवतो."

काका म्हणाले, "पूजेतलं कसं उचलायचं, वसंता? उद्या आरती झाली की ने. एका रात्रीनं काय होतंय?"

वसंतराव हसले. "खरंय," म्हणाले. चप्पल घातली आणि गेले.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सोनं लुटायला जमलो होतो. तिथे आपटा कुठला मिळायला! काकू अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं काढायच्या, दिसायला बरीचशी आपट्यासारखी. ताटात पानं होती आणि फोन वाजला. काकांनी घेतला. रात्री दुकान बंद करताना वसंतरावांना कुणीतरी गोळी घातली होती. पोलीस पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्या दिवशी कुणी आरती केली नाही.

दिवस झाल्यावर काका ते रिव्हॉल्व्हर कापडात गुंडाळून वहिनींकडे घेऊन गेले. वहिनींनी ते उघडूनही पाहिलं नाही. "मला नको. तुम्हीच ठेवून घेतलंत ना? ठेवा आता." एवढंच बोलून त्या आत गेल्या. दुकान त्यांनी विकलं नाही. एकट्याच चालवत राहिल्या.

आमच्या लोकांत मग दोन तट पडले. रिव्हॉल्व्हर असतं तर वसंतराव वाचले असते, असं काहींचं म्हणणं. असतं तर ते काढताना आणखी लवकर मेले असते, असं बाकीच्यांचं. काकांसमोर कुणी बोलत नसे, पण काकांना दोन्ही बाजू पाठ होत्या. गन शोला जाणं तरी आता ते बंद करतील असं सगळ्यांना वाटलं. "आता काय राहिलंय तिथे जाण्यासारखं?" अरुणनं एकदा विचारलंच. काका म्हणाले, "विकायचंय ना ते."

तिथे तशी रीत असते. आपली बंदूक विकायची असेल तर किमतीची चिठ्ठी लावून माणसं ती हातात घेऊन फिरतात. काका तसे फिरू लागले. बूट आता काढत नसत. अर्लनं खुर्ची पुढे केली की म्हणत, "टुडे आय ॲम ओन्ली सेलिंग." एकदा मी मुद्दाम बरोबर गेले. एक तरणा, भला दिसणारा माणूस आला. त्याला किंमत पटली, परवाना खिशात होता. काकांनी विचारलं, "व्हाय डू यू नीड इट?"

"फॉर माय वाइफ, सर. आय वर्क नाइट्स."

काकांनी रिव्हॉल्व्हर परत कापडात गुंडाळलं. "सॉरी. नॉट फॉर सेल."

दर वेळी असंच होत असणार, हे माझ्या लक्षात आलं. गाडीत मी भडकले. "काका, विकायचं नाही तर येता कशाला? लोकांची उलटतपासणी घ्यायला?"

त्यांनी गाडी सिग्नलला थांबवली. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, कुणीतरी एकानं असं उत्तर द्यावं, की ऐकून मला झोप लागेल."

असं उत्तर असतं का हो कुठे? माझा राग तिथल्या तिथे जिरला. मला रडू आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

पूजा मात्र काकूंनी बंद पडू दिली नाही. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. त्या वर्षी काकांना बरं वाटावं म्हणून मी माझा रोजचा, कामाचा स्टेथोस्कोप पाटावर ठेवला होता. आम्ही ताटं घेत होतो तेवढ्यात दारात सुमनवहिनी. वसंतराव गेल्यापासून त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. आल्या, चपला काढल्या, पर्समधून एक लहानसं खोकं काढलं आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांचं खोकं. त्याचं सील तसंच होतं.

"दादा, हे त्या दिवशीच घेतलं होतं ना, त्याच टेबलावर? हे उघडलंच नाही कधी. घरी आल्याबरोबर माझ्याकडे दिलं. 'सुमे, लपवून ठेव, मला हात लावायचा नाही,' म्हणाले. डाळीच्या डब्यामागे होतं. गल्ल्याखाली असायचं ते रिव्हॉल्व्हर नुसतं रिकामं. त्या रात्री नेलं असतं तरी रिकामंच नेलं असतं."

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "अगं, मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"राग होता," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या झोपेचं खोबरं होतंय ते मला कळत होतं. होऊ दे, असं वाटायचं. आता नाही वाटत."

मला वाटलं, सुटले काका. तीन वर्षांचं ओझं उतरलं. पण काकांनी ते खोकं वहिनींकडे परत सरकवलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात हे फार केलंत. पण यानं माझं सुटत नाही. रिकामं का असेना, त्याला ते जवळ हवं होतं. तो दारात उभा राहून सांगत होता, दादा, मला भीती वाटतेय. मी नियम ऐकला. त्याची भीती ऐकली नाही."

आणि तेवढ्यात माझा पेजर वाजला. हॉस्पिटलातून बोलावणं होतं, ताबडतोब. मी पर्स उचलली, किल्ल्या घेतल्या आणि पाटाशी थबकले. स्टेथोस्कोप तिथे फुलांखाली होता. हॉस्पिटलात गेल्यावर दुसरा मिळाला असता, नाही असं नाही. मी "येते" म्हणून वळले.

"थांबा," काका म्हणाले. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. पाटापाशी वाकले, झेंडू बाजूला केला आणि स्टेथोस्कोप उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "न्या. मागायलासुद्धा लावायचं नाही माणसाला."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी स्टेथोस्कोप गळ्यात घालून पळाले. नळीला लागलेली हळद दिवसभर माझ्या पांढऱ्या कोटाला लागत होती.

त्या आठवड्यात काकांनी ते रिव्हॉल्व्हर गिरणीत नेलं आणि करवतीखाली घालून त्याचे तुकडे केले. गन शोला ते परत गेले ते नुसत्या तलवारी बघायला, आणि परत बूट काढू लागले. फार दिवस नाही. दशक संपता संपता, हृदयविकाराच्या एका झटक्यात काका गेले.

फ्युनरल होममध्ये, जिथे अंत्यदर्शन ठेवतात तिथे, जाड गालिचा होता, सुटाबुटातली माणसं होती. कुणीच पादत्राणं काढली नव्हती, तिथे तशी पद्धतच नाही. सुमनवहिनी आल्या आणि दारातच थांबल्या. वाकून त्यांनी बूट काढले, जोडीनं भिंतीशी ठेवले आणि आत गेल्या. ते पाहून आम्हीही काढले. बघता बघता दाराबाहेर बुटांची रांग लागली.

पेपरातला फोटो ओळखून अर्लही आला होता. त्यानं ती रांग पाहिली. तिथल्या खुर्चीवर सावकाश बसला, वाकायला त्रास होत होता तरी एकेक लेस सोडली, आणि पायमोज्यांवर चालत आपल्या मित्राला बघायला आत गेला.